चिखलातली चाल

इस्क्रानं दार उघडलं आणि "ये बाबा, ये, चुरा करपतोय" एवढं म्हणून ती तशीच आत पळाली. ती नुकती अंघोळ करून निघाली होती, केसांना टॉवेल गुंडाळलेला होता. दारावरची घंटा आणि शेगडीवर लोण्यात परतायला टाकलेला पावाचा चुरा यांनी तिला एकाच वेळी बोलावलं असावं. तिचा बाप तिहोमिर दाराबाहेर उभा राहून बूट पुसत होता. त्याच्यासाठी तिथं एक ओलं फडकं टाकलेलं असे. बाकी सगळे बूट दाराशी काढत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता पायांत सरकवत आणि मग आत जात. तिहोमिर बुटांसकट आत जाई. ही सवलत त्याला नोव्ही साद शहरातल्या प्रत्येक ओळखीच्या घरात गेली चाळीस वर्षं होती. कुठंही गेलं की घरची बाई आधीच म्हणायची, "तुम्ही राहू द्या हो, तुम्ही तसेच या," आणि नजर चटकन दुसरीकडे वळवायची. उजवा बूट दोनदा, डावा दोनदा पुसून त्यानं मान वर केली तेव्हा न्हाणीघरापासून दारापर्यंत लाकडी जमिनीवर उमटलेली पावलं त्याला दिसली. ओली, ताजी पावलं. प्रत्येक पाऊल दोन तुकड्यांचं होतं. मागे टाचेचा गोल, पुढे चवड्याचा आडवा पट्टा आणि त्याला चिकटलेले बोटांचे ठिपके. मधे काहीच नाही, कोरडी जमीन. जणू दोन वेगळ्या माणसांनी अर्धा अर्धा पाय ठेवला होता. डावीकडचा टाचेचा गोल तर गोलही नव्हता, त्याची नुसती बाहेरची कड उमटली होती. तिहोमिरनं भिंतीला हात टेकला. पावलं कडेनं वाळत चालली होती, आणि ती पुरती वाळेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

"बाबा, तू बाहेर काय करतोयस? जेवायला बोलावलंय, पहारा द्यायला नाही." इस्क्रा आतून ओरडली.

टेबलावर आलुबुखार भरलेले उकडलेले गोळे होते, चुऱ्यात घोळवलेले. ल्युबिन्का करायची तसेच. ल्युबिन्काला, त्याच्या बायकोला, जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि सप्टेंबर आला की इस्क्रा न चुकता एका रविवारी हे गोळे करून त्याला बोलवायची. आता तिच्या पायांत जाड लोकरी मोजे होते. तिचे उघडे पाय आपण शेवटचे कधी पाहिले, हे तो आठवू लागला. नऊ वर्षांची असताना असेल, डॅन्यूबच्या वाळूवर. तेव्हा ते साधे पाय होते, कुणाचेही असावेत असे. त्यानंतर मोजे, बूट, लांब पाटलोणी. गेली दोन वर्षं ती फोनवर सांगत होती, घोटा मुरगळला, परत मुरगळला, डावा पाय जिन्यावर अडकला. आणि तो म्हणत होता, जपून चालत जा. तिची मावशी म्हणत होती, उघड्या खिडकीशी बसतेस, वारा लागला असणार. या गावात काहीही झालं की वारा लागलेला असतो, आणि तिहोमिरनं तोंड भरून त्याला दुजोरा दिला होता: हो, वारा. पण पाहिलं नव्हतं म्हणजे माहीत नव्हतं का? तिच्या पावलांचा आवाज त्याला फोनवरसुद्धा ऐकू यायचा. बोलत बोलत ती घरभर फिरे, आणि पलीकडून फट्, फट् असा हलका आवाज येई, ओलं फडकं जमिनीवर टाकल्यासारखा. तो आवाज सुरू झाला की तो मोठ्यानं बोलू लागायचा.

"गुरुवारी सकाळी सातला दाखल व्हायचंय," इस्क्रा म्हणाली. "मणक्याच्या फोटोत खाली एक चरबीचा बारीक धागा दिसलाय. डॉक्टर म्हणतात, त्यानंच मज्जारज्जू ताणला जातोय आणि पायाच्या नसा मरतायत. तो कापायचा. मणका उघडावा लागेल."

"नक्की तोच आहे?"

"दुसरं काही सापडत नाही ना. घरात कुणाला असं होतं का म्हणून विचारलं. मी सांगितलं, कुणालाच नाही. बाबांना लहानपणी पोलिओ झाला होता, पण ते वेगळं." तिनं गोळा मधोमध कापला. "बरोबर ना?"

"खा, गार होतील," तिहोमिर म्हणाला.

"उद्या पायांच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवतेय. डॉक्टर राडान. आमच्या दुकानात रोज येणारी एक बाई म्हणाली, त्यांना विचारल्याशिवाय पाठीला हात लावू देऊ नकोस. येशील सोबत? नुसता बस माझ्याजवळ. बोलायचं मी बघेन."

तो येईन म्हणाला. तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडातला घास गिळायचा आणि सांगायचं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. त्याच्याजवळ एक होकार होता, आणि तोही शब्दांतला नव्हे. एकोणिसाव्या वर्षी तो बानात प्रांतातल्या आपल्या खेड्यातून शिकायला शहरात आला तेव्हा वसतिगृहातल्या पहिल्या संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या मुलानं त्याच्या पायांकडे पाहून विचारलं होतं, "पोलिओ?" आणि तिहोमिरनं मान हलवली होती. बस, एवढंच. त्यानं कधीच कुणाला आपण होऊन काही खोटं सांगितलं नाही, असं तो स्वतःला बजावत आला होता. मान हलवली, बाकीचं लोकांनी केलं. पोलिओ काही वाईट नव्हता. तो बाहेरून आला होता, एका वर्षी ताप होऊन आला आणि निघून गेला. तो रक्तात नव्हता. पोलिओ झालेल्या माणसाला लोक बसायला जागा देत आणि मुलगीही देत. खेड्यात त्याच्या आईच्या घराण्याला मात्र करकोचे म्हणत. करकोच्यांच्या घरची सून व्हायला कुणी तयार नसे, आणि करकोच्यांची मुलगी करून आणली तर पहिल्या बाळंतपणात सगळी आळी पाळण्यात डोकावून जाई.

आई गुडघे उंच उचलून चालायची. पावलं घोट्यापासून लोंबत, म्हणून ती जमिनीला घासू नयेत यासाठी गुडघा वर, मग पाऊल खाली, फट्. उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर, ती लांबूनच ओळखू यायची आणि पोरं तिच्या मागून गुडघे उचलत चालायची. पण बानातमध्ये ऑक्टोबर लागला की चिखल होतो. काळा, घोट्याच्या वर येणारा, बूट गिळून टाकणारा. मग सगळंच खेडं गुडघे उचलून चालू लागे: धर्मगुरू, शिक्षक, गाड्या हाकणारे, लग्नाच्या वरातीतली नवरी. त्या दिवसांत आई उगीचच बाहेर पडायची. मीठ असतानाही मीठ आणायला जायची, बहिणीकडे जायची, चर्चमध्ये दोनदा जायची. तिला कुणी ओळखायचं नाही. लहानग्या तिहोमिरला वाटायचं, आईला चिखल आवडतो. पुढे, शहराच्या डांबरी रस्त्यांवर, जिथं बाराही महिने कोरडा उन्हाळाच असतो, त्याला कळलं की आईला काय आवडत होतं.

इस्क्रा जन्मली तेव्हा आई बसनं आली, हातात झाकलेली टोपली घेऊन. तिची चाल ल्युबिन्काला म्हातारपणाची वाटे. मुलीचा चेहरा तिनं पाहिला नाही. आधी दुपटं खालून सोडलं, दोन्ही पावलं हातात घेतली आणि अंगठ्यानं तळवे चाचपले, फळ पिकलंय की नाही ते चाचपावं तसे. "छान आहेत," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. ल्युबिन्काला वाटलं, नात झाल्याचा आनंद. तान्ह्या मुलांचे पाय नेहमीच छान असतात, हे आईला आणि तिहोमिरला दोघांनाही माहीत होतं. ते एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. सात वर्षांनी आई गेली. मेलेल्या माणसाला नवे बूट घालायचे म्हणून त्यानं शहरातून दोन नंबर मोठे, मऊ कातड्याचे, काळे बूट नेले होते. ते चढेनात. पावलाची कमान इतकी उंच झाली होती आणि बोटं अशी आत आकसली होती की शेजारणीनं अखेर सुरीनं दोन्ही बूट मागून टाचेपर्यंत फाडले, पावलांवर नुसते पुढून बसवले आणि वर चादर ओढली. "कुणाला दिसणार नाही," ती म्हणाली. बूट का फाडले असं ल्युबिन्कानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, सूज आली होती. हे मात्र नुसतं मान हलवणं नव्हतं. हे त्यानं तोंडानं सांगितलं होतं.

त्या रविवारी रात्रभर, आणि सोमवारी बसमध्येही, तो मनातल्या मनात सांगत राहिला. इस्क्रा शेजारी खिडकीतून बाहेर बघत होती. वाक्य सुरू व्हायचं आणि ल्युबिन्कापाशी येऊन थांबायचं. ती त्याला पोलिओ झालेला नवरा समजून जगली आणि तशीच गेली. मुलीला सांगायचं म्हणजे आधी त्या मेलेल्या बाईला सांगावं लागणार होतं, असं काहीतरी त्याला वाटत होतं. ते बरोबर आहे की ही नुसती पळवाट आहे, हे त्याला ठरवता येईना. भूमापनाच्या कचेरीत तो नकाशे काढायचा. चाळिशीत बोटांतली ताकद गेली, शाईची रेघ थरथरू लागली, तेव्हा त्यानं डोळ्यांचं कारण सांगितलं आणि दप्तरखान्यात बदली मागून घेतली. एवढं साधं असतं. कारण मागितलं की जवळचं एखादं द्यायचं. लोक फार खोल जात नाहीत, त्यांनाही घरी जायचं असतं.

दवाखान्याच्या बोळात बाकांवर माणसं दाटीनं बसली होती. ट्रॅकसूट घातलेला एक माणूस दाराशी जाऊन उभा राहिला.

"मला फक्त विचारायचंय," तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला.

"फक्त विचारायला मी तीन महिने येतेय, राजा," कुबडी घेतलेली एक म्हातारी म्हणाली. "बस तिथं. उत्तर मिळालं की तुलाही सांगेन." बाकावर हशा पिकला. माणूस गुपचूप बसला. म्हातारीनं मग तिहोमिरच्या बुटांकडे पाहिलं. "नंबर तुमचा?"

"मुलीचा."

"हो का? मला वाटलं तुमचा," ती म्हणाली, आणि तिहोमिरनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

डॉक्टर राडान पंचेचाळिशीची, बुटकी, मोठ्यानं बोलणारी बाई होती. तिनं इस्क्राला मोजे काढायला लावले, टाचांवर चाल म्हणाली. इस्क्राला ते जमलं नाही. बोटं वर उचललीच गेली नाहीत. मग डॉक्टरनं एक लाकडी ठोकळा जमिनीवर ठेवला, इस्क्राला पावलाची बाहेरची कड त्यावर टेकवून उभं केलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून मागून टाचेकडे बघत राहिली. "टाच सरळ होतेय. म्हणजे पाय अजून आडमुठा झालेला नाही. छान." तिहोमिर भिंतीशी खुर्चीवर बसून मुलीचे पाय बघत होता. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होता. ती कमान, ती आकड्यासारखी वळलेली बोटं, अंगठ्याच्या मागचा तो खड्डा. आईचे पाय सत्तावीस वर्षांपूर्वी चादरीखाली झाकले होते आणि ते इथं, दिव्याखाली, चौतीस वर्षांच्या गोऱ्या कातडीत उभे होते.

"घरात कुणाला?" डॉक्टरनं विचारलं.

"कुणालाच नाही. बाबांना पोलिओ झाला होता."

"सगळे हेच सांगतात. कुणाच्याच घरात कुणाला काही नसतं. मग असले पाय लोक काय बाजारातून आणतात?" ती हसली, पण उत्तराची वाट बघत थांबली. इस्क्राही हसली. डॉक्टरनं खांदे उडवले आणि खुर्चीवर बसली. "ठीक आहे. मग मणकावाल्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. नसांची तपासणी करायला आमच्याकडे दोन महिने नंबर लागत नाही, आणि ते म्हणतायत थांबू नका. गुरुवारचं होऊ दे. पायाचं आपण त्यानंतर बघू." तिनं कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं.

तिहोमिर वाकला. उजव्या बुटाच्या नाडीला त्यानं हात घातला. त्याची बोटं नाडीवरून घसरली, परत घसरली. घरी यासाठी त्यानं तारेचा एक आकडा केला होता आणि तो दाराच्या मागे खिळ्याला असायचा. चारचौघांत कधी लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्यानं दोन्ही हातांच्या तळव्यांत गाठ धरून ओढली. डॉक्टर लिहीत होती. इस्क्रा मोजे चढवत होती.

"काका, तुमचं काय चाललंय?"

"थांबा," तो म्हणाला. "लिहू नका."

गाठ सुटली. बूट निघाला, मग आतला चामड्याचा पट्टा, मग मोजा. मग दुसरा बूट. कुणी मदतीला आलं नाही, आणि या सगळ्याला इतका वेळ लागला की बाहेर ती म्हातारी दुसऱ्या कुणाला तरी ओरडलेली ऐकू आली. फरशी थंड असणार. त्याला ती जाणवत नव्हती. पाऊल त्यानं पुढे सरकवलं, ठोकळ्याच्या शेजारी.

"पोलिओ नाही," तो पायाकडे बघत म्हणाला. "माझ्या आईचे असेच होते. तिच्या वडिलांचे. मामाचे."

"कुणाचे?" इस्क्रानं विचारलं.

"तुझ्या आजीचे."

डॉक्टर उठून आली आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. तिनं पाऊल हातात घेतलं, घोटा हलवून पाहिला, तो हलला नाही. पोटरी चाचपली. मग त्याचा हात मागून घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी, जिथं मांस असायला हवं तिथं, आपलं बोट दाबलं. एरवी इतकं मोठ्यानं बोलणारी ती बाई आता हळू बोलत होती. पायाच्या लांब नसांचा हा आजार घराण्यातून येतो, ती म्हणाली, मणक्याशी त्याचा संबंध नाही. तो चरबीचा धागा कित्येकांच्या पाठीत असतो आणि ते शंभर वर्षं जगतात. तो तसाच राहू दे. गुरुवार रद्द. मणकावाल्यांशी मी बोलते. रक्त तपासू, नसांची तपासणीही मी लवकर करवून घेते. मग पाय. टाचेचं हाड कापून थोडं बाहेर सरकवायचं. तळव्यातली ताणलेली पट्टी सोडवायची. आणि पाऊल आत ओढणारा जो स्नायू अजून जिवंत आहे, त्याचं टोक सोडवून, नडगीच्या दोन हाडांमधून पुढे आणून पावलाच्या वर बसवायचं, म्हणजे पाऊल लोंबणार नाही, तो उचलेल. सहा आठवडे प्लॅस्टर, मग चालायला नव्यानं शिकायचं. "आजार थांबणार नाही," ती इस्क्राला म्हणाली, "पण पाय पायासारखा राहील. पुष्कळ वर्षं." तिचा हात अजून तिहोमिरच्या पावलावर होता. "यांचे पाय तुझ्या वयात तुझ्यासारखेच असणार. तेव्हा कुणी दाखवले असते, तर..." मग उठून तिनं नव्या कागदावर सरकारी शिक्का मारला आणि तो आधीचा कागद फाडला.

इस्क्रा त्याच्या पायांकडे बघत होती. तिनं नजर वळवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या पायांकडे इतका वेळ बघत होतं. तिला त्यात काय दिसतंय, तिचे तीस वर्षांनंतरचे पाय की तिचा बाप, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही हे मात्र कळलं.

ते बोळात आले. त्यानं नाड्या तशाच बुटात कोंबल्या होत्या. इस्क्रा खिडकीशी थांबली. आता ती विचारेल. आईला माहीत होतं का, मला जन्माला घालताना तुला माहीत होतं का, गुरुवार उलटून गेला असता तरी तू गप्प बसला असतास का. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यानं वर्षानुवर्षं तयार ठेवली होती, त्यांतली काही खरी होती.

"मी लोकनृत्याच्या मंडळात होते," ती म्हणाली. "बारा वर्षांची. मला दुसऱ्या रांगेतून काढलं, कारण माझी पावलं तालात पडायची नाहीत. तू न्यायला आला होतास."

"हो?"

"बाईंनी तुला विचारलं, हिच्या पायाला काही आहे का. सगळ्या मुली उभ्या होत्या. तू म्हणालास, पायाला काही नाही हो, आळशी आहे नुसती."

तिहोमिर आठवू लागला. एक लांब खोली आठवली, गुंडाळून ठेवलेल्या चटया, मुलींच्या विणलेल्या पिशव्या, बाहेर बर्फ. बाईंचं तोंड हललेलं आठवलं. स्वतःचा आवाज आठवला नाही. तो म्हणाला असेल. नक्कीच म्हणाला असेल. जवळचं एखादं कारण. चाळीस वर्षांतला प्रत्येक खोटेपणा त्यानं जपून, मोजून मनाशी ठेवला होता, आणि हा एक त्यात नव्हता.

"मला आठवत नाही, इस्क्रा."

"मला आठवतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "दुकानात काउंटरमागे खुर्ची आहे. सगळ्या जणी बसतात, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. मी अकरा वर्षांत एकदाही बसलेले नाही. संध्याकाळी पाय इतके ठणकतात की बसमध्ये रडू येतं. पण बसले नाही." मग जणू हिशेब पुन्हा एकदा तपासून बघावा तशी म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते."

"नव्हतीस," तिहोमिर म्हणाला.

बाकावरची माणसं त्यांच्याकडे बघत होती. ट्रॅकसूटवाला, कुबडीवाली म्हातारी, सगळे. इस्क्रानं डोळे मिटून घेतले.

"परत म्हण."

"तू आळशी नव्हतीस."

"मोठ्यानं म्हण, बाबा. तेव्हा मोठ्यानं म्हणाला होतास."

तिहोमिरनं घसा साफ केला. मग तो सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा म्हणाला, आणि ती थांब म्हणेना, म्हणून म्हणतच राहिला.